मागे मुंबई पाहिजे

पालघर जिल्ह्यात काय नाही? केळव्याला समुद्र आणि सुरूची झाडं आहेत, शिरगावला किल्ला आहे, वाघोबाच्या खिंडीत पावसाळ्यात धबधबा आहे आणि आमच्या मासवणला तर साक्षात सूर्या नदी आहे. 1 ऑगस्ट 2014 पासून स्वतःचा जिल्हाधिकारीसुद्धा आहे. नाही ती एकच गोष्ट, मुंबई. आणि लग्नसराई तोंडावर आली की साडीच्या दुकानदाराला नेमकी तीच लागते. साडी सुरतेची, दुकान बोईसरचं, गिऱ्हाईक मनोर-सफाळ्याचं. पण बॅनरवरच्या बाईच्या मागे मुंबई दिसली की तीच साडी भारी वाटते, असा धंद्यातला अनुभव आहे म्हणे.

तिकडच्या लोकांचं याच्या बरोबर उलट. शनिवार-रविवारी विरार-नालासोपाऱ्याची ठरलेली लग्नं केळव्याच्या वाळूत पळताना दिसतात. नवरी पुढे, नवरा मागे, दोघांच्या डोक्यावर ड्रोन. सूर्येचं पाणी मासवणहून पाइपाने वसई-विरारला जातं आणि ते पिऊन मोठी झालेली जोडपी फोटोसाठी सूर्येच्याच काठी येतात. त्यांना मागे आम्ही पाहिजे, आम्हाला मागे ते. रेल्वेला दोन्ही बाजूंचं तिकीट मिळतं, त्यामुळे ती मध्ये पडत नाही.

माझ्या भाच्याचा पालघरला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसं, साखरपुडा, हळद, लग्न हा रोजचा धंदा. बोईसरच्या एका साडीवाल्याने त्याला काम दिलं: रामा रंगाची एक सेमी पैठणी, एक मॉडेल, मागे मुंबई. मॉडेलचे पैसे वेगळे मिळणार नाहीत, हे त्याने चहा पिऊन झाल्यावर सांगितलं. मग मॉडेल आमच्या आळीतूनच काढावी लागली.

ही मुलगी तारापूर एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर आहे. तिने मान वर करून नुसतं बघितलं तरी लाइनवरच्या गप्पा थांबतात. शाळेत ती भाच्याच्या दोन इयत्ता पुढे होती, म्हणून तो तिला ताई म्हणतो. तिची आई म्हणजे आमच्या वहिनी. मुलगी परगावी फोटो काढायला जाणार म्हटल्यावर त्या येणार हे कुणी वेगळं ठरवलं नाही. आणि मी? मला रिफ्लेक्टर धरायला घेतलं होतं. हे एक चंदेरी गोल कापड असतं, ऊन झेलून ते मॉडेलच्या तोंडावर टाकायचं. त्यासाठी पगारी पोरगा ठेवणं परवडत नव्हतं आणि मी निवृत्त आहे.

"अरे, फोटो इथेच काढ आणि मागे संगणकावर मुंबई चिकटव," असं मी सुचवून पाहिलं होतं. त्यावर भाचा म्हणाला, "मामा, तोंडावर ऊन डावीकडून आणि मागच्या इमारतीवर उजवीकडून पडलं की लोकांना चूक सांगता येत नाही, पण फोटो खोटा आहे हे कळतं." उत्तर पटलं. शिवाय मासवणच्या रस्त्यावर मोठा कॅमेरा बाहेर काढणं हे वेगळंच संकट. जाणारी प्रत्येक मोटरसायकल थांबते. "लग्न ठरलं वाटतं?" "पोरगा कुठला?" "नोकरी की धंदा?" फोटो साडीचा आहे म्हटलं तर समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या नाक्यावर जाऊन तारीखसुद्धा सांगतो. मुलीच्या आईला मग वर्षभर हळदीकुंकवाला खुलासे करत बसावं लागतं.

तेव्हा एकांत हवा असेल तर मुंबईला जावं. तिथे माणसं इतकी आहेत की कुणी कुणाकडे बघत नाही.

2013 साली डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे आता पालघरला गाडीत बसलेला माणूस विरारला न उतरता थेट चर्चगेटला पोचू शकतो. प्रश्न गाडीचा नव्हता, साडीचा होता. मुंबईत साडी नेसायची कुठे? म्हणून ताई पहाटे मासवणहूनच नेसून निघाली. विरारला बायकांच्या डब्यात जी गर्दी शिरली तिच्यात पैठणीच्या निऱ्यांचं काय झालं असेल, या काळजीने भाच्याने दोनदा फोन केला. पण लेडीज डब्याची रीत आपल्याला ठाऊक नसते. "कुठे लग्न आहे का?" एवढं एकाच बाईने विचारलं, आणि बोरिवली येईपर्यंत तीन अनोळखी बायकांनी मिळून निऱ्या पुन्हा बसवल्या, पदराला पिना मारल्या आणि एकीने स्वतःच्या वेणीतला गजरा अर्धा तोडून दिला. सिनेमावाले ज्याला मेकअप व्हॅन म्हणतात ती पश्चिम रेल्वेवर पासात मिळते.

इकडे जेन्ट्सच्या डब्यात ग्रँट रोड आलं तसे मला फाळके आठवले. 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेबांना तारामती मिळेना. त्या काळी सिनेमात यायला बाई तयार होत नव्हती. शेवटी याच ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी हेरले. महिना 10 रुपयांवर राबणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी 15 देऊ केले आणि तारामती ठरली. मग भांडण मिशीचं. वडील हयात असताना मिशी उतरवायची कशी, म्हणून बायकांची कामं करणारी मंडळी अडून बसली. त्यातून मार्ग निघाला, तर वांगणीला बाहेरच्या चित्रीकरणात गावकऱ्यांनी भाले-तलवारी बघून यांना दरोडेखोरच ठरवलं. कॅमेऱ्यात फिल्म न घालता फाळक्यांनी सगळं करून दाखवलं तेव्हा कुठे सुटका झाली, असं सांगतात. 1913 साली सिनेमा लागला, गाजला. आणि 1917 च्या 'लंकादहन'मध्ये याच खाणावळीतल्या साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. नवख्या माणसाला घेऊन मुंबईत उभं राहायची आपली परंपरा केवढी जुनी आहे, असा समारोप मी केला. भाच्याने कानातलं काढून विचारलं, "मामा, काही म्हणालात?"

पहिला मुक्काम टाऊन हॉलच्या पायऱ्या. 1833 सालची इमारत, समोर धिप्पाड खांब, आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. आत अभ्यासक पोथ्या वाचतात आणि बाहेर जोडपी एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. आम्ही पोचलो तेव्हा तीन जोडपी आधीच कामाला लागली होती. एका नवरीचा झगा इतका लांब की तो पायऱ्यांवर पसरायला दोन माणसं, आणि ती दोन माणसं फोटोत येऊ नयेत म्हणून त्यांना पळायला सांगणारा तिसरा. आमच्या वाट्याला खालच्या पायऱ्यांचा उजवा कोपरा आला.

भाच्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि जगातली सगळ्यात अवघड सूचना केली. "ताई, नॅचरल राहा."

इथून पुढे अर्धा तास मी जे पाहिलं ते कुणाही नवख्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं की दिसतं. आपल्याकडे सामान्य माणसाला कॅमेऱ्याचा अनुभव दोनच ठिकाणचा: आधार कार्ड आणि लग्नाचं स्टेज. आधारला हसायचं नाही, स्टेजवर हसणं थांबवायचं नाही. नॅचरल राहायची वेळ आयुष्यात कधी आलेलीच नसते. ताईने आधी आधारचा चेहरा केला. "ताई, थोडी स्माइल" म्हटल्यावर स्टेजचा केला. "कॅमेऱ्याकडे नको बघू" म्हटल्यावर आईकडे बघितलं. "लांब कुठेतरी बघ" म्हटल्यावर मनोरची एसटी चुकलेल्या बाईसारखी बघू लागली. "जरा लाज ना," असं भाचा म्हणाला मात्र, आणि तिने सुपरवायझरची मान वर केली. तो विषय तिथेच संपला.

खरा घोटाळा हातांचा असतो. एरवी आपल्याला दोन हात आहेत याची आठवणसुद्धा नसते. कॅमेरा समोर आला की ते चार होतात. कमरेवर ठेवले तर भांडायला निघाल्यासारखं वाटतं, समोर जुळवले तर निवडणुकीला उभं राहिल्यासारखं, आणि नुसते सोडले तर शाळेतला सावधान. वहिनींचं समांतर दिग्दर्शन चालूच होतं. "पोट आत घे. पदर बघ. त्या दगडी भिंतीला टेकू नकोस, साडी परत द्यायची आहे."

त्यात लेन्सची अडचण. माणसाचा चेहरा चांगला यावा म्हणून भाच्याने 85 मिलिमीटरची लेन्स आणली होती. तिचं एक आहे: नखशिखान्त बाई फोटोत मावायची तर फोटोग्राफरला लांब जावं लागतं. तो मागे सरकत सरकत रस्त्यापलीकडे गेला. आता मॉडेल या फुटपाथला, फोटोग्राफर त्या फुटपाथला आणि मधे फोर्टातली सकाळची रहदारी. टॅक्सी, हातगाडी, कुरियरवाला, पुन्हा टॅक्सी, आणि कुणासाठीही न थांबणारा डबेवाला. सूचना ओरडून द्याव्या लागत. "मान डावीकडे! आणखी थोडी!" ताईला ऐकू गेलं नाही, पण रस्त्याने चाललेल्या एका वकीलसाहेबांनी मान डावीकडे केली आणि तशीच ठेवून कोर्टाच्या दिशेने निघून गेले.

गर्दीच्या रस्त्यावर माणसाचा फोटो काढायची ही कटकट फोटोच्या जन्मापासूनची आहे. 1838 साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थांनी आपल्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचं चित्र टिपलं. रस्ता वाहता होता, पण त्या वेळच्या कॅमेऱ्याला एक चित्र घ्यायला काही मिनिटं लागत. चालणारी माणसं, पळणारे घोडे, गाड्या यांतलं काही उमटलंच नाही. भरगच्च रस्ता चित्रात ओसाड दिसतो. उमटला तो कोपऱ्यावर एक पाय वर ठेवून बुटाला पॉलिश करून घेणारा माणूस, कारण तो तेवढा वेळ जागचा हलला नाही. फोटोत ओळखू येणारी पहिली माणसं म्हणून हा आणि त्याचा पॉलिशवाला यांचं नाव घेतात. म्हणजे नाव कुणालाच माहीत नाही, पण घेतात. त्याला कुणी नॅचरल राहायला सांगितलं नव्हतं.

हे मी भाच्याला सांगत असताना रिफ्लेक्टर थोडा कलला आणि उजेड ताईच्या तोंडावरून निघून शेजारच्या नवरदेवाच्या टकलावर स्थिरावला. त्यांचा फोटोग्राफर खूश झाला.

रिफ्लेक्टरने आणखी एक काम केलं. मुंबईत मोबाइलवर तुम्ही हवे तेवढे फोटो काढा, कुणी हटकत नाही. कॅमेरा मोठा झाला की परवानगी मोठी होते, आणि चंदेरी थाळी दिसली की ते थेट शूटिंग. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली सावली छान होती, उजेड मऊ होता, म्हणून तिथे गेलो तर एका इमारतीचा वॉचमन उठून आला. "परमिशन?" भाचा इंग्रजीत काहीतरी बोलू लागला. वहिनींनी त्याला बाजूला केलं. "गाव कुठलं तुमचं?" वॉचमन म्हणाला, मोखाडा. "अगोबाई, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले! आम्ही मासवणचे." पुढच्या पाच मिनिटांत वहिनींच्या पिशवीतून तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी निघाली, मोखाड्याच्या पावसापाण्याची चौकशी झाली, आणि शेवटी तो वॉचमनच रिफ्लेक्टर धरून उभा राहिला. माझ्यापेक्षा स्थिर धरत होता.

बारा वाजले. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळं पडतं, नाकाची सावली ओठावर येते. त्या उजेडात पद्मिनीचा फोटो काढला तरी ती आजारी दिसेल. म्हणून काम थांबवून आम्ही चालत काळ्या घोड्यापाशी आलो. या चौकातला मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा. तो राजा 1965 साली घोड्यासकट हलला आणि पुढे राणीच्या बागेत गेला. 2017 साली चौकात नवा घोडा आला, स्वाराशिवाय. या गावातलं सगळ्यात तयार मॉडेल हेच असावं. वर कुणी बसलेलं नाही, भोवती माणसं सेल्फी काढतायत, वाहनं भोंगे वाजवतायत आणि याची मान आहे तिथे आहे. शिवाय हातांचा प्रश्नच नाही.

पुढे गेटवे. इथे गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याचा अल्बम घेतलेले फोटोवाले वर्षानुवर्षं उभे असतात. घराघरात मोबाइल आल्यापासून त्यांचा धंदा बसला, पण हात बसलेला नाही. सोलापूरकडचं एक कुटुंब त्यातल्या एकाने पकडलं. आजोबा धोतरात, कॅमेऱ्याला बिचकलेले. फोटोवाल्याने त्यांना हसायला सांगितलं नाही, लांब बघायला सांगितलं नाही. म्हणाला, "बाबा, हात वर करा. चिमूट धरा. अजून वर. आता तो घुमट उचला." मागे 1903 सालचं ताजमहाल हॉटेल. आजोबा घुमट उचलण्यात इतके गुंतले की त्यांची जीभ दाताखाली आली आणि सगळं कुटुंब हसत सुटलं. खटक. छोट्या प्रिंटरमधून फोटो बाहेर. पुढचं गिऱ्हाईक.

भाचा बघत राहिला. त्याच्या तीन लेन्स पिशवीत होत्या आणि त्या माणसाकडे एकच वाक्य होतं. नवख्या माणसाला पोझ देऊ नये, काम द्यावं. पोझ ही ज्याला रिकामं उभं राहायचा सराव आहे त्याची गोष्ट आहे, आणि मासवण ते मनोर या पट्ट्यात रिकामं उभं राहायचा सराव कुणाला असेल असं वाटत नाही. अगदी एसटीची वाट बघणारी बाईसुद्धा भाजी निवडत असते.

पण लगेच काम आणायचं कुठून? "ताई, समज तू खरेदी करतेयस," असं भाच्याने करून पाहिलं. ताई म्हणाली, "पैसे दे." 

उन्हं उतरली तसे आम्ही परतीला लागलो. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या फुटपाथवर आलो की एका हाताला गोलाईदार गच्च्यांच्या इमारती आणि मैदानापलीकडे हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं तो हा 1878 सालचा टॉवर. या दोन्ही रांगांना मिळून 2018 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. चारनंतरचं तिरपं ऊन बरोबर त्या टॉवरवर पडतं. इमारती घ्याव्यात म्हणून भाच्याने कॅमेऱ्याला रुंद लेन्स लावली होती. ताईची वेळ संपली असं सगळ्यांनीच धरलं होतं, तिनेही.

तेवढ्यात तिच्या सँडलचा बंद तुटला.

फुटपाथला झाडाखाली एक चांभारकाका बसले होते. ताईने पदर कमरेला खोचला, एका हाताने निऱ्या घोट्यापर्यंत उचलल्या, दुसरा हात झाडाला लावला आणि एका पायावर उभी राहिली. "किती?" काकांनी तीस सांगितले. "तीस? नवा बंद टाकताय की नुसता टाका मारताय?" काका म्हणाले, दोन्हीकडून शिवतो. "मग आतल्या बाजूने दोरा दुहेरी घ्या. आणि तो तिकडचापण बघा, तो उद्या तुटणार." ती वाकून टाका तपासत होती. भुवया जवळ आलेल्या, ओठांच्या कोपऱ्यात हसू, कारण भाव वीसवर आणता येणार हे तिला कळून चुकलं होतं. गजऱ्याचा अर्धा तुकडा खांद्यावर उतरला होता. पैठणीचा काठ उन्हात आलेला. मागे मैदानावर एकाच वेळी सात-आठ मॅच, आणि त्यांच्यावर टॉवर.

भाच्याने एक शब्द काढला नाही. मीही नाही, आणि माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. काकांनी मात्र मान वर न करता सांगितलं, "फोटो काढताय तर माझी पेटी पण घ्या, त्यावर नंबर आहे."

आता दुकानदार. बोईसरला संगणकावर फोटो उघडले. पहिले सगळे 85 च्या लेन्सचे. या लेन्सची कीर्ती अशी की माणूस लख्ख येतो आणि मागचं सगळं लोण्यात विरघळतं. त्यासाठी लोक पैसे मोजतात. दुकानदार डोळे बारीक करून बघत राहिला. "मुंबई कुठे आहे?" भाच्याने पडद्यावर बोट ठेवलं, "हा टाऊन हॉल." बोटाखाली करड्या रंगाचा ढग होता. "हे तर पालघर स्टेशनही असू शकतं," दुकानदार म्हणाला, आणि त्याला खोडून काढणं शक्य नव्हतं. नव्वदेक किलोमीटर जाऊन आणलेली मुंबई भाच्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लेन्सने पुसून टाकली होती.

मग चांभारकाकांचा फोटो आला. दुकानदार पुढे सरकला. टॉवर होता, मैदान होतं, लाल बेस्ट बस होती. "हा." मग त्याने फोटो मोठा केला, अजून मोठा केला, ताईचा चेहरा पडद्याबाहेर गेला, काठ उरला. "पण रंग चुकलाय. साडी रामा आहे, ही मोरपंखी दिसते." संध्याकाळच्या उन्हात पिवळेपणा येतो, तो काढायला भाच्याला एक रात्र लागली. रंग रामा झाला तेव्हा राजाबाई टॉवर निळसर झाला; पण टॉवरचं गिऱ्हाईक नसल्याने कुणाची हरकत आली नाही.

बॅनर लागला. साडी खपली, आणि दुकानात दोन बायकांनी सँडल कुठल्या म्हणूनही विचारलं. दुकानदाराने पुढच्या सीझनसाठी ताईलाच सांगून ठेवलं आहे. यंदा मॉडेलचे पैसे वेगळे मिळणार आहेत, कारण ताईने चहा येण्याआधीच तो विषय काढला. सोबत अटी लेखी दिल्या आहेत, कंपनीतल्या सूचनाफलकावर लावतात तशा क्रमांक घालून. 'नॅचरल' हा शब्द वापरायचा नाही. बारा ते तीन काम नाही. सँडल दोन जोड द्यायचे. आईला न्यायचं, परवानग्या ती बघते. रिफ्लेक्टरला काका चालतील, पण त्यांना फाळक्यांबद्दल काही सांगायचं असेल तर तो आधी खाली ठेवावा.